अर्ध्यावर ठेवता येणारं काम

बेळगावच्या वडगावात राहणाऱ्याला मागांचा आवाज ऐकू येत नाही. ऐकू येतं ते माग थांबणं. पुढच्या खोलीत पॉवरलूम आणि मागच्या खोलीत चूल, अशी घरं आमच्या बाजूला अजून बरीच आहेत. सकाळपासून धोट्यांचा खडखडाट चालू असतो आणि आमची मनी त्यात बिनघोर झोपते. वीज गेली की सगळे माग एका दमात गप्प होतात आणि मनी दचकून उठते. कान ताठ, डोळे मोठे, आणि सगळा दोष माझाच असल्यासारखी नजर. मी आपली पायमशीनवर असते. वीज असो नसो, माझं चालू.

पोटासाठी मी ब्लाउज शिवते, फॉल-बीडिंग करते, लग्नसराईत मध्यरात्रीपर्यंत हुक लावत बसते. उरलेल्या वेळात जुन्या कापडांच्या तुकड्यांची चित्रं शिवते. भिंतीवर टांगायची, पांघरायची नाहीत. घरात मनी आहे, तिच्याहून लहान आणि दुप्पट उपद्व्यापी सुपारी आहे, आणि बाळ्या नावाचा एक लांबलचक कुत्रा आहे. नातेवाइकांना यातलं मांजरं-कुत्रं समजतं, ब्लाउज समजतो, भिंतीवरचं कळत नाही. "आर्टिस्ट म्हणजे नेमकं काय करतीस गं तू?" हा प्रश्न प्रत्येक बारशाला येतोच. फॉर्मवर व्यवसायाचा रकाना आला की मी 'शिवणकाम' लिहून मोकळी होते. खिडकीमागच्या माणसाचा जीव भांड्यात पडतो, माझाही.

कापड मला विकत घ्यावं लागत नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात एक ट्रंक, नाहीतर कपाटातला वरचा कप्पा असा असतो, ज्यात ओटीत आलेले खण आणि ब्लाउजपीस साठलेले असतात. त्यातले फार थोडे शिवले जातात. हळदीकुंकवाला इथून तिथे जातात, डोहाळजेवणात तिथून आणखी कुठे, आणि एखाद्या संक्रांतीला आपणच दिलेला मोरपंखी पीस आपल्याच ओटीत परत येतो. आजकालचे बहुतेक पातळ, चकचकीत, एका धुण्यात रंग सोडणारे. पण तळाशी हात घातला की जुने खण लागतात. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे, अरुंद पन्ह्याचे, बारीक बुट्टीचे, त्रिकोणी घडी घातलेले. घडीच्या बाहेरची बाजू उन्हाने विटलेली असते आणि आतली अजून कोरी. एकाच कापडात दोन रंग फुकट मिळतात. मैत्रिणी, शेजारणी, त्यांच्या सासवा, सगळ्यांनी आपापल्या ट्रंका माझ्याकडे रिकाम्या केल्या आहेत. "तुझ्याकडं लागतंय की, ठेव," एवढंच म्हणतात. शहापुरातल्या एका आजींनी तर हातमागाच्या शहापुरी लुगड्याचा अर्धा भाग आणून दिला. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. बेळगाव इंग्रजांचं आणि लागून असलेलं शहापूर पटवर्धनांचं. त्या लुगड्याचा काठ अजून इतका घट्ट आहे, की सुई घालताना बोटाला अंगुस्तान लागतं.

तर हे कापड मी जमिनीवर पसरते. पसरून सरळ करते, सुरकुती काढते, दोन पावलं मागे जाऊन बघते. तेवढ्यात सुपारी मधोमध येऊन बसलेली असते.

मांजर कापडावरच का बसतं याची कारणं शोधत मी बरंच वाचलं आहे. एक कारण साधं आहे. आपल्याला 25 अंशाला बरं वाटतं. मांजराच्या शरीराला ऊब राखायला जादा कष्ट पडू नयेत असं वाटत असेल तर भोवतालचं तापमान 30 ते 38 अंश लागतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, सह्याद्री हाकेवर. इथल्या जुलैत भिंतीलाही ओल फुटते, वाळत घातलेलं परकर तिसऱ्या दिवशी कुबट वास घेऊन आत येतं. त्या महिन्यांत मनी-सुपारीला माझ्या घरात उबदार जागा तीनच: मशीनचा दिवा, कापडाचा ढीग आणि मी. दुसरं कारण वासाचं असावं. त्या खणांत डांबराच्या गोळ्या, चंदन, कुणाची तरी हळद, कुणाच्या तरी घरातली उंदरांची सत्ता असं सगळं मुरलेलं असतं. सुपारी एकेक पीस हुंगते, मग त्यातलाच एक निवडून त्यावर बसते. निवड वाईट नसते, हे मला चिडूनही मान्य करावं लागतं.

बाकी माणसं म्हणतात, दार लाव आणि काम कर. ज्यांच्या घरात मांजर नाही तीच माणसं असं म्हणतात. बंद दारामागचं मांजर हे उघड्या दारातल्या मांजरापेक्षा जास्त जागा व्यापतं. तेव्हा मी दार लावणं सोडलं आणि दुसरा विचार केला: कुठलं काम मधेच उठवलेलं सहन करतं आणि कुठलं करत नाही?

कापणं मुळीच नाही. कात्री कापडात अर्ध्यावर असताना शेपटी आडवी आली तर श्वास रोखून थांबायचं, बस. मशीनवर थोडी सूट मिळते. थांबायचं झालं तर सुई वर ठेवून नाही, कापडात रुतवून थांबावं. म्हणजे कापड जागचं हलत नाही आणि परत आल्यावर टीप तिथूनच पुढे जाते. पायमशीन असेल तर पट्टा काढून ठेवावा, कारण चाकावर पंजा मारायला सुपारीला फार आवडतं.

सगळ्यात नाजूक कशिदा. धारवाडकडची कसुती मी एका बाईंकडे जाऊन शिकले. त्यात गवंती, मुरगी, नेगी आणि मेंती असे चार टाके. मेंती म्हणजे फुलीचा टाका, नेगी विणल्यासारखा दिसणारा, मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा. माझा जीव अडकला तो गवंतीवर. आधी एक घर भरायचं, एक सोडायचं, असं करत नक्षीच्या टोकापर्यंत जायचं आणि मग त्याच वाटेने परत येताना सोडलेली घरं भरायची. गाठ कुठेही मारायची नाही. नीट झालं तर कापडाची सुलट आणि उलट बाजू ओळखू येत नाही. आधी काही आखून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे दोरे मोजूनच गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती, पालखी, पोपट उभे राहतात. जाताना एक दोरा जरी जास्त मोजला, तरी येताना वाट जुळत नाही आणि गोपुराचा कळस उघडा राहतो. पूर्वी हे काम चंद्रकळेवर, म्हणजे काळ्या साडीवर करायचे. काळ्यावर काळे दोरे मोजायचे म्हणजे भर दुपारचा उजेड हवा.

नशीब असं, की मांजराची दुपार आणि माझी दुपार जुळली. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त सळसळतात. दुपारी बारा ते तीन त्यांना जगाशी काही देणंघेणं नसतं. कसुती मी त्याच वेळात करते. गल्ली कामात, ऊन खिडकीत, मनी पाटावर, सुपारी मशीनच्या झाकणावर. ओठांत आकडे म्हणत दोरे मोजायचे. आणि मग वीज जाते. माग थांबतात, मनी उठते, तिच्यामुळे सुपारी उठते, सुपारीमुळे बाळ्या, आणि माझा सतरावा दोरा की अठरावा ते देवाला माहीत.

वाकळ, म्हणजे आमच्याकडची गोधडी, मात्र हे सगळं पचवते.

आमच्या आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, मला वाकळ शिकवली. खाली जुनं लुगडं, वर जुनं लुगडं, मधे फाटकी धोतरं, परकर, पोरांचे सदरे. कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनातून चौकोन काढत आत जायचं. सुईत दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला तर गुंता होतो आणि आळशी बाई म्हणून नावही होतं. मी पहिल्यांदा टाके मोजायला लागले तेव्हा आत्ती म्हणाल्या, "मोजतीस कशाला? पोर रडलं तर सुई खोचून उठता आलं पाहिजे. दूध उतू जायला लागलं तर उठता आलं पाहिजे. वाकळ बस म्हणत नाही गं कुणाला." नवरात्राआधी घर धुवून काढायच्या दिवसांत सगळ्या वाकळा मार्कंडेय नदीवर न्यायच्या, त्याआधी उसवलेली जागा शोधून चार टाके घालायचे. एकेक वाकळ अशी वर्षानुवर्षं शिवली जात राहायची. पूर्ण झाली असं कुणी म्हणतच नसे.

गोधडी, वाकळ असं काही निघालं की लोक लगेच माया, ऊब, आजीचा स्पर्श सुरू करतात. मला त्याचा कंटाळा येतो. आत्ती अतिशय तिखट बाई होत्या आणि त्यांच्या वाकळीत मायेपेक्षा काटकसर जास्त होती. मला त्यात दिसते ती रचना. हातभर दोरा, न मोजता येणारा टाका, चौकटीला न ताणलेलं कापड, घडी करून मांडीवर घेता येईल असा आकार. ज्या बाईला सलग अर्धा तास कधी मिळणारच नाही तिच्यासाठी बांधलेलं हे काम आहे. चित्रकाराला स्टुडिओ लागतो, दार लागतं, दारावर 'आत येऊ नका' लागतं. वाकळीने दार गृहीतच धरलेलं नाही. माझ्या भिंतीवरच्या चित्रांना मी शेवटी हीच बांधणी दिली, आणि ती माझ्या डोक्यातून आली असं सांगायला मला आवडलं असतं. पण ती मांजरांनी लादली आणि आत्तींनी आधीच सोडवून ठेवली होती.

याच कामाची आणखी एक तऱ्हा मी पाहिली ती सिद्दी बायकांच्या हातात. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि पलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून इथे आणले गेले, काही पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून रानात आले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. आपण आधी सगळं मांडून मग शिवतो. त्या तसं करत नाहीत. खाली लुगडं अंथरलं की एका कोपऱ्यातून सुरुवात. एक तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची, टाका घालायचा, शेजारी दुसरा तुकडा. असं कडेकडेनं फिरत, कापड फिरवत, मधे पोचायचं. पुढे कुठला रंग येणार हे तो येईपर्यंत ठरलेलं नसतं. शेवटी चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसतील तर कवंदी उघडी राहिली असं मानतात. एका प्रदर्शनात मी त्यांच्यातल्या एकीच्या शेजारी जमिनीवर बसून बघत होते. तिचा नातू तिच्या अर्ध्या कामावर झोपला होता. तिने त्याला हलवलं नाही. कापडाची दुसरी बाजू ओढून तिकडून शिवायला घेतली. मी घरी आले ते हे एकच शिकून. आता सुपारी जिथे बसते ती बाजू सोडून मी उरलेल्या बाजूनं पुढे जाते. माझ्या दोन-तीन तुकड्यांत रंगांचा तोल एकीकडे कललेला दिसतो, त्याचं कारण कुणी विचारलं तर मी 'रचना' असं सांगते.

एका गोष्टीत मात्र सूट नाही. ती म्हणजे दोरा.

मांजर आणि दोरा हे कॅलेंडरवरचं गोड चित्र आहे, आणि जनावरांच्या डॉक्टरांना ते बघून घाम फुटतो. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात, सगळे घशाच्या दिशेने वळलेले. तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. गिळताना त्याचं एक टोक बऱ्याचदा जिभेखाली अडकतं आणि बाकीचा दोरा पोटात उतरतो. आतडं त्याला पुढे ढकलायला बघतं, दोरा तर वर बांधलेला. मग परकराच्या नाडीवर चुण्या पडाव्यात तसं आतडंच दोऱ्यावर गोळा होत जातं, आणि ताणलेला दोरा त्याला कापूही शकतो. आमच्या पलीकडच्या गल्लीत एका टेलरच्या दुकानातली मांजरी अशीच खाणं सोडून उलट्या करायला लागली होती. डॉक्टरांनी आधी तिचं तोंड उघडून जीभ उचलून बघितली. पोट उघडावं लागलं, पण ती वाचली. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढायचा नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं, हे तेव्हा सगळ्या गल्लीला पाठ झालं. माझ्याकडे रिळं कुंदा या बेळगावी मिठाईच्या रिकाम्या डब्यांत असतात, झाकण लावून. कापलेली टोकं अरुंद तोंडाच्या बाटलीत जातात. उठताना सुई मोजूनच उठायचं. आत्ती म्हणायच्या तसं सुई खोचून उठायची पद्धत तेवढी मी मोडली. सुई डब्यात, मग मी उठते.

बाळ्याचा प्रश्न निराळा. तो दोरे खात नाही, त्याला थंडी वाजते.

बाळ्या मुधोळ जातीचा, निदान तीन हिस्से तरी. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेली कंबर, आणि अंगावर चरबी म्हणाल तर नाहीच. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली होती. 9 जानेवारी 2005 ला टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटं काढली त्यात मुधोळ आहे. पुढे लष्करानेही मुधोळची पिल्लं प्रशिक्षणाला नेली. एवढी कीर्ती झाल्यावर व्हायचं तेच झालं, हौशी लोक पिल्लं घेऊन फ्लॅटमध्ये पाळू लागले. हा कुत्रा रानात सशामागे वारा होऊन सुटण्यासाठी घडलेला. त्याला तिसऱ्या मजल्यावर बांधलं की तो सोफा फाडतो, आणि सोफा फाडला की तो रस्त्यावर येतो. बाळ्या मला येळ्ळूरच्या रस्त्याला भातखाचराच्या बांधावर मिळाला. गळ्यात भारी पट्टा, बरगड्या मोजता येतील अशा.

डिसेंबरच्या पहाटे येळ्ळूर गडाकडून वारा सुटला की तो मुळापासून थरथरतो. तयार स्वेटर मी आणून पाहिले. ते सगळे गोल कुत्र्यांसाठी बेतलेले. गळ्याला बसला तर छातीला फाटायला येतो, छातीला बसला तर कंबरेला पोतं. शेवटी टेप घेऊन मीच बसले. मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, छातीचा सगळ्यात खोल भाग, कंबर. ब्लाउज बेतते तसाच पाठीचा एक भाग आणि छातीची वेगळी पट्टी. छातीची पट्टी ओरेब, म्हणजे तिरकी कापली, की पळताना ताण खाते. पोटाखाली मागचा भाग मोकळा, कारण तो नर आहे आणि विजेचे खांब पुष्कळ आहेत. आत जुना फ्लॅनेल, बाहेर वाकळीचा धावदोरा. कोपरांवर त्याच्या हाडांना जमिनीचा मार बसून कातडं जाड होतं, म्हणून झोपायला पण एक जाड वाकळ केली. ती अर्थात मनीने ताब्यात घेतली आणि बाळ्या गोणपाटावर झोपतो.

कोट मी लाल खणाचा केला. लोकांना फोटो फार आवडला. बाळ्याला त्याचं काही नाही. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल रंग त्याच्या डोळ्यांना मातकट, करडा असा काहीतरी दिसतो. मांजरांचंही जवळपास तसंच. कुंकवाचा, ओटीचा, पायघड्यांचा जो रंग म्हणून आपण जीव टाकतो, तो या तिघांच्या लेखी धुळीचा. हे वाचल्यावर मी एक तुकडा मुद्दाम निळ्या-पिवळ्यात केला. तो विकला गेला नाही. सुपारी त्यावर बसलीही नाही.

विकण्यावरून आठवलं. पुण्याच्या एका बाईंनी माझ्याकडून खणाचं एक चित्र घेतलं. पार्सल पोचलं आणि तासाभरात मोबाईलवर फोटो आला: टाक्यात अडकलेला एक पांढरा केस, खूप जवळून काढलेला. खाली प्रश्न, "हे काय आहे?" मी लिहिलं, "सुपारी." बराच वेळ काही आलं नाही. मग त्यांनी विचारलं, धुतल्यावर जाईल ना? नाही जाणार, टाक्यात गेलाय तो. ओला रबरी हातमोजा कापडावरून एका दिशेने फिरवला की वरचे केस गोळा होऊन निघतात, ते मी पाठवण्याआधी करतेच. पण धावदोऱ्याबरोबर आत गेलेला केस हा आता त्या कामाचाच. त्यांनी परत पाठवलं नाही. आता तर त्यांच्या मैत्रिणीला हवंय, तिचं म्हणणं, केसाशिवाय मिळेल का. बघते म्हटलं.

सध्या मांडीवर वेगळंच काम आहे. मागच्या गल्लीतले एक आजोबा बाळ्याचा कोट बघून गेले. त्यांची शेळी नुकतीच व्यालीय, दोन पिल्लं, आणि शेड पत्र्याचं. त्यांचं मराठी कन्नडच्या चालीवर चालतं. "आक्का, आमच्या करडाला बी शिवा की तसलं. दोन. पैसा देतो मी." मी म्हटलं, पैसे राहू देत, मापं घ्यायला येते. आज सकाळी टेप घेऊन गेले. करडू माप घेईपर्यंत थांबत नाही, टेप चघळतं, आणि आठवड्याभरात माप बदलणार. आजोबा बाजूला उभे राहून सूचना देत होते: बाजूला नाडी ठेवा, म्हणजे मोठं झालं की सोडता येतं, आणि रंग हिरवा नको, त्याची आई खाईल.